नट किती आवळावा? टॉर्क पान्याची निवड आणि वापर



गेल्या गळीत हंगामात मोहोळ तालुक्यातून एका श्रोत्याचे पत्र आले. त्यांच्या ट्रॅक्टरचे मागचे चाक पंक्चर झाले होते. चाक उतरवले, पंक्चर काढले, चाक परत चढवले. मुलगा अंगाने भक्कम. त्याने पान्यावर पाय देऊन, उभे राहून नट आवळले. तरीसुद्धा चौथ्या दिवशी उसाची ट्रॉली भरून कारखान्याकडे जाताना चाक डुगडुगू लागले. उतरून बघतात तो दोन स्टड मुळातून तुटलेले आणि बाकीचे नट सैल! दैव बलवत्तर म्हणून चढाची वाट होती, वेग कमी होता आणि कोणाला इजा झाली नाही. पण ऊस दोन दिवस वाटेवर वाळला, तोडणीची टोळी बसून राहिली. शेवटी त्यांनी विचारले होते, की एवढे जीव खाऊन आवळूनही नट सैल झाले कसे?

प्रश्न मोठा चांगला आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आणि उसाच्या ट्रॉल्याही पुष्कळ. शिवाय डाळिंबाला ब्लोअर, विहिरीवर इंजिन, दारात मोटारसायकल. घरोघरी नट-बोल्टांचे काम रोजचे झाले आहे. म्हणून या पत्रकात नट नेमका किती आवळावा आणि तो मोजून आवळण्यासाठी टॉर्क पाना कसा निवडावा व वापरावा, ते सांगत आहोत.

बोल्ट धरतो कशाने?

पुष्कळांना वाटते, की बोल्ट नुसता आट्यांमुळे धरतो. तसे नाही. ज्यांनी बैलगाडीच्या लाकडी चाकाला धाव चढवताना पाहिले आहे, त्यांना हे चटकन कळेल. लोहार धाव भट्टीत लाल करतो. ती फुगते, चाकावर बसते. वर पाणी ओतले की ती आकसते आणि आऱ्यांना, पाट्यांना करकचून आवळून धरते. लोखंड आकसायला बघते आणि लाकूड त्याला आकसू देत नाही. त्या ओढीवर चाक वर्षानुवर्षे टिकते.

बोल्टाचेही तसेच आहे. नट फिरवला की बोल्ट केसभर ताणला जातो. लोखंड दिसायला कठीण, पण ते स्प्रिंगसारखे आहे. ताणले की मागे येऊ बघते. त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. ओढ पुरेशी असेल तर हादऱ्याने नट फिरत नाही. ओढ कमी पडली तर भाग एकमेकांवर सरकतात आणि नट हळूहळू उलटा फिरतो. आणि ओढ जास्त झाली तर? फार ताणलेली स्प्रिंग जशी पूर्वीसारखी आकसत नाही, तसा बोल्टही लांब होऊन तसाच राहतो. त्याची ओढ मरते. वरून तो घट्ट दिसतो, पण आतून तो मेलेला असतो. पुढे एखाद्या खड्ड्यात तो तुटतो.

म्हणजे कमी आवळले तरी वाईट आणि जास्त आवळले तरी वाईट. “जेवढे घट्ट तेवढे चांगले” ही समजूत मनातून काढून टाकावी.

हाताचा अंदाज का फसतो?

आवळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. त्याचा हिशेब सोपा आहे. नटाच्या मध्यापासून जेवढ्या अंतरावर आपण पाना ओढतो, ते अंतर मीटरमध्ये घ्यावे. त्याला आपण किती किलोचा जोर लावतो, त्या आकड्याने गुणावे. एक मीटर लांब दांड्यावर १० किलोचा जोर म्हणजे १० किग्रॅ-मीटर. अर्ध्या मीटरवर १० किलो म्हणजे ५ किग्रॅ-मीटर. (हा अंतराचा किलोमीटर नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे.)

आता एक गंमत बघा. ८ मि.मी. जाडीच्या बोल्टाला १३ नंबरचा पाना लागतो. तो जेमतेम १६-१७ सेंटिमीटर लांब असतो. त्याला गड्याने ३० किलोचा जोर लावला तर ५ किग्रॅ-मीटर होतात. चांगल्या प्रतीच्या त्या बोल्टाला हवे असतात अडीच. म्हणजे दुप्पट झाले! उलट १६ मि.मी.च्या बोल्टाला २४ नंबरचा पाना लागतो. तो सुमारे ३० सेंटिमीटर लांब. तोच गडी, तोच जोर, पण होतात फक्त ९ किग्रॅ-मीटर. तिथे हवे असतात २१. म्हणजे निम्मेसुद्धा झाले नाहीत. एकाच हाताने लहान बोल्ट तुटतो आणि मोठा सैल राहतो.

मग पान्यात मीटरभर पाइप घालून ६० किलोचा माणूस वर उभा राहिला की तो जोर ६० किग्रॅ-मीटरवर जातो. मघाच्या पत्रातल्या ट्रॅक्टरचे असेच झाले.

दुसरी गोष्ट घासणीची. आपण पान्याला लावलेला जोर १०० पैसे धरला, तर त्यातले सुमारे ५० पैसे नटाच्या बुडाखालच्या घासणीत जातात आणि ४० पैसे आट्यांच्या घासणीत. बोल्ट ताणायला उरतात अवघे १० पैसे. म्हणून आट्यांत गंज, माती असेल तर पाना घट्ट लागतो, पण बोल्ट ताणला जात नाही. आणि आट्यांना तेल लावले तर घासणीचे थोडे पैसे वाचतात, ते सगळे ताणाकडे जातात आणि बोल्ट वाजवीपेक्षा फार ताणला जातो. त्यासाठी आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, पण तेल मात्र यंत्राच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच लावावे.

पाना किती प्रकारचा?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कॉनरॅड बार नावाचे गृहस्थ होते. जमिनीखालच्या नळांच्या जोडावरचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत, म्हणून त्यांनी जोर मोजणारा पाना बनवला, अशी नोंद आहे. म्हणजे याची सुरुवात मोटारीच्या कारखान्यात नव्हे, तर पाण्याच्या पाइपावर झाली. आज हा पाना मुख्यतः तीन प्रकारांत मिळतो.

१) काट्याचा पाना. यात एक दांडा वाकतो आणि सरळ राहिलेला काटा खालच्या पट्टीवर आकडा दाखवतो. स्प्रिंगची भानगड नाही, धुळीने बिघडत नाही. स्वस्तही असतो. वापरायच्या आधी काटा शून्यावर आहे का, एवढे बघायचे. अडचण एकच, आकडा समोरून बघावा लागतो. अडगळीच्या जागी ते जमत नाही.

२) टिक वाजणारा पाना. मुठीजवळ फिरवून आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि हाताला झटका जाणवतो. आकडा दिसत नसलेल्या जागीही चालतो. पण आत स्प्रिंग असल्याने निगा जास्त लागते.

३) आकडे दाखवणारा बॅटरीचा पाना. सोयीचा, पण महाग. धूळ आणि पाण्यापासून फार जपावा लागतो. घरच्या कामाला त्याची गरज नाही.

कंपनीचे नाव सांगणे आमचे काम नाही. पण निवडताना पुढील गोष्टी बघाव्यात.

निवड कशी करावी?

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या कामाचे आकडे कागदावर लिहून काढावेत. ट्रॅक्टरची, इंजिनाची, मोटारसायकलची पुस्तिका काढून चाकाचे नट, हेडचे नट, तेल सोडण्याचा बोल्ट यांचे आकडे टिपावेत. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून मिळवावी.

दुसरी गोष्ट, पान्याचा पल्ला. पान्यावर लिहिलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याखाली तो भरवशाचा नसतो. २० किग्रॅ-मीटरपर्यंतचा पाना ४ च्या खाली वापरू नये. अर्धा इंची चौकोनाचा, सुमारे ४ ते २० किग्रॅ-मीटरचा पाना घरच्या बहुतेक मध्यम कामांना पुरतो. मोटारसायकलच्या लहान बोल्टांना तीन सुती लहान पाना वेगळा लागतो. मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला त्याहून मोठा, पाऊण इंची पाना लागू शकतो. एकाच पान्याने प्लगपासून चाकापर्यंत सगळे करू म्हणाल तर होणार नाही.

तिसरी गोष्ट, आकड्यांची भाषा. पुस्तिकेत तीन मापे आढळतात. न्यूटन-मीटर, किग्रॅ-मीटर आणि जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत फूट-पौंड. सुमारे १० न्यूटन-मीटर म्हणजे १ किग्रॅ-मीटर आणि १ किग्रॅ-मीटर म्हणजे सुमारे ७.२ फूट-पौंड. पुस्तिकेत ७२ फूट-पौंड असेल तर ते १० किग्रॅ-मीटर झाले. माप न बघता नुसता आकडा लावला तर घोटाळा होतो. पान्यावर निदान दोन मापे छापलेली असावीत.

चौथी गोष्ट, पान्यासोबत तपासणीचा दाखला आहे का ते विचारावे. चांगल्या पान्यात शंभराला चार इतपतच फरक असतो.

आणि खर्चाचे म्हणाल, तर मोठा पाना वर्षातून चार-सहा वेळाच लागतो. तो एकट्याने घेण्याऐवजी शेतकरी गटाने किंवा गावच्या अवजार बँकेने घ्यावा. मात्र तो एकाच जबाबदार माणसाकडे ठेवावा आणि नेणाऱ्याचे नाव वहीत लिहावे.

पुस्तिकेत आकडा नसेल तर?

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असेल आणि तो लोखंडात बसणारा, कोरडा व स्वच्छ असेल, तर साधारण आकडे असे आहेत.

८ मि.मी. – २.५ किग्रॅ-मीटर
१० मि.मी. – ५ किग्रॅ-मीटर
१२ मि.मी. – ८.५ किग्रॅ-मीटर
१६ मि.मी. – २१ किग्रॅ-मीटर

डोक्यावर ४.८ असेल किंवा काहीच आकडा नसेल तर याच्या निम्मे धरावे. ॲल्युमिनियममध्ये बसणारे बोल्ट, इंजिनाचे हेड आणि चाके यांना हे आकडे लावू नयेत. तिथे पुस्तिकाच प्रमाण.

पाना नाही, तर काम अडणार का?

अडणार नाही. धान्य तोलायचा हुकाचा स्प्रिंगकाटा पुष्कळांच्या घरी असतो. रिंग पान्याच्या दांड्याला, नटाच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर, काट्याचा हुक अडकवा. पाना आखूड असेल तर त्यावर मजबूत पाइप चढवा आणि अंतर पाइपावर मोजा. आता काटा पान्याशी काटकोनात ठेवून सावकाश ओढा. ८.५ किग्रॅ-मीटर हवे असतील तर काट्यावर १७ किलो दिसले की थांबा. तिरपे ओढले तर हिशेब चुकतो. घरच्या साध्या कामाला आणि चाकाच्या नटांना ही युक्ती वेळ मारून नेते. इंजिनाच्या हेडला मात्र खरा टॉर्क पानाच वापरावा.

आवळण्याची पद्धत

यंत्र बंद करावे, चाकांना दगडाची उटी लावावी. पाना नेहमी आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. पाय फाकवून भक्कम उभे राहावे. पाना मुठीच्या मध्यावर धरावा आणि एकसारखा, सावकाश ओढावा. हिसका दिला तर आकडा खोटा येतो. एकदा ‘टक्’ झाले की थांबावे. खात्रीसाठी म्हणून दोन-तीनदा टक् टक् करू नये, प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जातो.

चाकाचे नट : आधी रिम आणि हबची बसायची जागा खरवडून स्वच्छ करावी. आपली काळी माती वाळली की दगडासारखी होते, पण हादऱ्याने तिचा भुगा होतो आणि तेवढी जागा सैल पडते. ताज्या रंगाच्या जाड थराचेही तसेच. मग सगळे नट हाताने बसवावेत. एकापाठोपाठ एक न घेता समोरासमोरचे नट घेऊन, आधी निम्म्या जोराने आवळावेत. चाक जमिनीवर टेकवावे आणि मग त्याच क्रमाने पूर्ण आकड्यावर आणावेत. पहिल्या फेरीनंतर पुन्हा पाना लावून बघावा, आणि पुढे आठवडाभर रोज सकाळी.

इंजिनाचे हेड : इथे क्रमाला फार महत्त्व आहे. मधल्या नटापासून सुरुवात करून समोरासमोर बाहेर जावे. तीन फेऱ्यांत आवळावे. पहिली तिसऱ्या हिश्श्यावर, दुसरी दोन तृतीयांशावर, तिसरी पूर्ण. एका बाजूने घट्ट करत गेलात तर हेड वाकते आणि गॅसकेट दुसऱ्या बाजूने फुंकते. बोल्टाचे भोक तळाशी बंद असेल तर त्यात तेल किंवा पाणी राहू देऊ नये. बोल्ट आत गेला की ते दाबले जाते आणि ब्लॉकला तडा जातो. काही नव्या इंजिनांत ठराविक जोर झाल्यावर बोल्ट आणखी काही अंश फिरवायचा असतो आणि ते बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. असे काम मिस्त्रीकडेच द्यावे, मात्र नवे बोल्ट घातले का, ते विचारावे.

गॅसकेट गेल्याची खूण ओळखावी. तेल चहासारखे दुधट होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पांढरा धूर सुटतो. असे दिसताच इंजिन बंद करावे. मालदांडी ज्वारी पोटरीत असताना पाण्याची पाळी चुकली तर कणसात दाणा कमी भरतो. तेव्हा हेडचे काम पेरणीआधीच, सवडीने आणि मोजून करून ठेवावे.

पाइपाच्या फ्लँजचे बोल्ट : रबरी पॅकिंग आहे म्हणून समोरासमोरचे बोल्ट थोडे-थोडे आवळावेत. गळतीच्या बाजूचाच बोल्ट पिळत बसलात तर फ्लँज फुटते.

निगा

टॉर्क पाना हा मोजायचा काटा आहे, हे ओळखून तो वापरावा. त्याने नट सोडवू नये, हातोडीसारखा ठोकू नये, दांड्यावर पाइप चढवू नये. काम झाले की टिक वाजणारा पाना सर्वांत लहान आकड्यावर आणून पेटीत ठेवावा. त्याखाली मात्र सोडू नये. ताणलेली स्प्रिंग महिनोन्‌महिने तशीच राहिली तर ढिली पडते. पाना हातातून पडला, तर तपासल्याशिवाय वापरू नये. वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावा.

घरच्या घरी तपासायची रीत सांगतो. पान्याचे चौकोनी टोक शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पक्के धरा. पाना आडवा राहू द्या. २० लिटरचा पाण्याचा कॅन भरून त्याचे वजन २५ किलो होईल असे बघा, हवा तर वर एक दगड ठेवा. चौकोनाच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर, मुठीच्या मध्याशी तो टांगा. २५ गुणिले ०.४० म्हणजे १० किग्रॅ-मीटर. पाना ९ वर लावला असता वजन हळूच सोडल्याबरोबर वाजला पाहिजे आणि ११ वर लावला असता वाजता कामा नये. पान्याच्या स्वतःच्या वजनाचा किंचित फरक धरावा. यापेक्षा जास्त चूक दिसली तर पाना दुरुस्तीला द्यावा.

आता पत्राचे उत्तर

मोहोळच्या श्रोत्यांच्या चाकाचे काय झाले असेल? बहुधा रिममागे वाळलेली माती राहिली. नट एका बाजूने, एकाच दमात आवळले गेले, त्यामुळे चाक तिरपे बसले. वर उभे राहून दिलेल्या जोराने काही स्टड प्रमाणाबाहेर ताणले गेले आणि त्यांची ओढ मेली. ट्रॉलीचे ओझे आले, मातीचा भुगा झाला, नट सैल पडले. सगळा भार ताणलेल्या स्टडांवर आला आणि दोन तुटले. मुलाच्या ताकदीला दोष नाही, ती मोजली गेली नाही एवढेच. त्यांना आमचा सल्ला असा, की तुटलेले दोनच नव्हे, तर त्या चाकाचे सगळे स्टड आणि नट बदलावेत. जे तुटले नाहीत तेही ताणलेले आहेत.

ध्यानात ठेवा

• आटे आणि बसायची जागा स्वच्छ असावी.
• आकडा पुस्तिकेतून घ्यावा, माप कोणते ते बघावे.
• समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे.
• एकदा टक् झाले की थांबावे.
• पान्यात पाइप घालून वर उभे राहू नये.
• चाकाचे नट पहिल्या फेरीनंतर पुन्हा बघावेत.

बंधूंनो, खत आपण मोजून टाकतो, औषध मोजून फवारतो. नटही मोजून आवळावा. उसाच्या ट्रॉलीमागून सायकलवर शाळेची पोरे येत असतात. आपले चाक जागेवर राहिले तर त्यांचीही वाट सुखाची होते. या विषयावरच्या आपल्या शंका कार्यक्रमाकडे पत्राने जरूर कळवाव्यात.